स्टाफरूममधला फोन

धाड, २३ नोव्हेंबर २०१७

प्रिय पुष्पांजली,

ऑगस्टमध्ये तू आमच्या शाळेत येऊन पोरांना कायदा समजावलास. अठरा वर्षांखालच्या कुणाचाही तसला फोटो मागणं, पुढे पाठवणं, नुसता फोनमध्ये ठेवणंही गुन्हा. पोरं आधी खिदळली, मग चिडीचूप झाली. मागे आम्ही शिक्षक मात्र डुलक्या काढत होतो.

दिवाळीनंतर दहावीतली एक मुलगी माझ्याकडे आली. तिचं नाव लिहीत नाही, कायद्यानं लिहूही नये. वर्गातल्याच एका मुलानं गोड बोलून तिचा फोटो मागवला, अन् भांडण झाल्यावर मित्रांना पाठवला. म्हणाली, "म्याडम, वकीलबाई बोलल्या होत्या, मोठ्या मानसाले सांगा. म्हून तुमाले सांगून राह्यली." मी तिला मुख्याध्यापक रंगरावसरांकडे नेलं. त्यांनी मुलाचा फोन काढून घेतला. आपण योग्य तेच केलं, असं मला वाटलं.

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये शिरले, तर तोच फोन चहाच्या कपांवरून हातोहात फिरत होता. म्हणे, खात्री करून घेतो! क्लार्क शालिग्रामनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. सहदेवसर, स्वतः दोन मुलींचे बाप, हसून म्हणाले, "आजकालच्या पोरी पाह्य बे!" बाहेर नळावर जाऊन ओकले. पण पुष्पा, फोन हिसकावला नाही.

मुलीच्या वडिलांनी तिची शाळा बंद केली. यंदा बोंडअळीनं कपाशीची वाट लावली आहे. ती आईबरोबर किडकी बोंडं वेचत बसते. परवा जीपमधून मी तिला हात केला. तिनं पाठ फिरवली.

काल रंगरावसरांनी कागद फिरवला: 'फोटो कुणीही पाहिला नाही, प्रकरण आपसात मिटलं.' सगळ्यांनी सह्या केल्या. तिसरी सही माझी आहे. माहीत असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हाच, हे ठाऊक असताना केलेली. त्या माणसांची किळस येत होती, आता स्वतःचीही येते. सोमवारी मी ठाण्यात जाऊन खरा जबाब देणार आहे, सहीसकट सगळं सांगणार आहे. मैत्रीखातर माझं वकीलपत्र घ्यायला धावून येऊ नकोस. माझ्याआधी त्या मुलीच्या घरी जा, पत्ता फोनवर सांगते. तिच्या बाजूनं उभं राहणारं कुणीतरी हवं आहे.

तुझीच,
सायरा