बत्तीसनंतर एकोणपन्नास

कळमनुरी

प्रिय दिपा,

फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू हसून विषय बदलतेस आणि मीही बदलू देते. तीस वर्षं आपलं हेच चाललंय. म्हणून लिहून विचारते. माझं पुस्तक तू वाचलंस का? अभिनंदन नको, कौतुक नको. वाचलंस का, एवढंच सांग. आणि उत्तर द्यायच्या आधी निदान हे पत्र तरी शेवटपर्यंत वाच.

तुला माहीत आहे, पुस्तक मी स्वतःच छापून घेतलं. बावीस वर्षं अब्बांच्या मशीनवर गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवले आणि शिवता शिवता मनात जे साचलं ते लिहून काढलं. तीनशे प्रती दुकानात येऊन पडल्या तेव्हा कळलं, छापणं सोपं असतं, वाचणारं माणूस आणणं अवघड. जाहिरात-बिहिरात मला करायची नव्हती. कुणीतरी म्हणालं, साहित्यिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये शिरा, सगळ्यांना एकेक प्रत सप्रेम भेट द्या, आपोआप बोलबाला होतो. शिरले. आणि काय तो कारभार बाई. सकाळी उठून एकाने दुसऱ्याला हृदयस्पर्शी म्हणायचं, दुपारी दुसऱ्याने पहिल्याला. शाल, नारळ, फोटो. पुस्तक छातीशी असं धरायचं की मुखपृष्ठ दिसलं पाहिजे आणि अंगठी पण दिसली पाहिजे. दीडशे प्रती वाटल्या मी. एकेचाळीस जणांनी अभिप्राय लिहिले. एकाने लिहिलं, शेवटच्या पानापर्यंत खिळवून ठेवतं. एका गृहस्थांनी तर माझ्या कवितांमधल्या स्त्रीवेदनेचं कौतुक केलं. पुस्तकात एक कविता नाही गं. तरी मी सगळ्यांना हात जोडलेले बाहुले पाठवले. आज आठवलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

त्या सगळ्यांत एक तुझा अभिप्राय होता. अकोल्याच्या दवाखान्यात ड्यूटीवर असताना तू स्टेटसला मुखपृष्ठ ठेवलंस आणि खाली लिहिलंस, जिवाभावाच्या मैत्रिणीचं पुस्तक, एका बैठकीत वाचून काढलं, शब्दच नाहीत. ते वाचून मी मशीन थांबवलं आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून घेऊन रडले. मला वाटलं, सुटले मी. दिपाने वाचलं आणि तरीही जिवाभावाची म्हणाली. दोन महिने मी त्या एका ओळीवर हवेत होते.

मग अमृतराव आले. एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर झालेत. पँटची कंबर सैल करायला आले होते, बसल्या बसल्या पुस्तक चाळलं आणि न विचारता घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी हजर. म्हणाले, बाई, हे पान बत्तीस अन् पुढं डायरेक्ट एकोणपन्नास. मधली सोळा काहून न्हाईत? मी म्हटलं, तुमच्या प्रतीत गडबड असेल. दुसरी काढली, तिसरी काढली. नंतर फरशीवर बसून सगळी बंडलं फोडली. एकाही प्रतीत नाहीत. सोळा पानांचा एक फर्मा असतो म्हणे, तो बांधताना छापखान्यात राहूनच गेला. बत्तिसावं पान संपतं, सरांनी दोन्ही वह्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि. बस्, आणि. पान उलटलं की माझ्या लग्नाची पंगत बसलेली.

म्हणजे एकेचाळीस माणसांतल्या एकालाही कळलं नाही की शाळेतली पोरगी पान उलटताच बोहल्यावर कशी चढली. डोंबल वाचलं होतं त्यांनी. मी दिवसभर त्या सगळ्यांना मनात शिव्या घातल्या, छापखान्याला घातल्या, आणि तुलाही घातल्या, दिपा, खोटं कशाला बोलू. शब्दच नाहीत म्हणालीस ते अगदी बराबर होतं, शब्दच नव्हते. पण संध्याकाळी कात्री आवरताना माझं मलाच उमगलं. मी तरी कुठे उघडलं होतं? स्वतःचं पुस्तक मी वासापुरतं नाकाशी धरलं, नाव बघितलं आणि सही करून वाटत सुटले. आणि याहून घाण गोष्ट सांगते. ती पानं गेली हे कळलं त्या क्षणी आत कुठेतरी मला बरं वाटलं होतं. एवढंसंच, पण वाटलं. तेव्हापासून आरशात तोंड बघायची शिसारी येते.

ग्रुपमधून बाहेर पडले. पुन्हा कुणाला सप्रेम भेट दिली नाही. दहा प्रती दुकानातल्या बाकावर ठेवल्या आणि सांगून टाकलं, ब्लाउज होईस्तोवर वाचा, घरी न्या, पण वाचून परत आणा. छाती ठोकून सांगते, वाचक असे येतात. एक बाई नेते, तिच्याकडून जाऊ नेते, मग जावेच्या माहेरी जातं. आणि गंमत अशी की ती तुटलेली जागाच त्यांना ओढून आणते. येतात आणि विचारतात, त्या दोन वह्यांचं पुढं काय झालं? जो विचारील त्यालाच मी सोळा पानांची झेरॉक्स देते. चौतीस जणांनी विचारलं आतापर्यंत. त्या एकेचाळीसांपुढे मला हे चौतीस सोन्यासारखे वाटतात.

परवा जनकाबाई आली, बाजारात मिरच्या विकते ती. तिला वाचता येत नाही, सुनेने वाचून दाखवलं होतं. टोपली खाली ठेवून म्हणाली, सांगा बाई पुढचं. मग मीच वाचून दाखवलं, दुकानात बसून, मोठ्याने. त्या दोन वह्यांवरून गोष्ट मागे जाते, आपली शाळेची सहल सिद्धेश्वरच्या धरणावर गेली होती ते. तू त्यावर निबंध लिहिलास, धरणाच्या पाण्यात आमची सगळ्यांची तोंडं एकसारखी दिसत होती, ही ओळ लिहिलीस ते. तुझी वही माझ्या दप्तरात राहिली होती आणि मी शब्दन् शब्द उतरवून काढला ते. सरांनी विचारलं, कोणी कोणाचं उतरवलं, आणि मी मान खाली घातली. सर म्हणाले, तांड्यावरच्या पोरीला असं मराठी कुठून येणार, आणि पट्टी तुझ्या हातावर बसली. मराठी माझ्याही घरात कोण बोलत होतं? तू माझ्याकडे एकदाच बघितलंस. हिंगोलीच्या निबंध स्पर्धेला मी गेले, बक्षीस मी आणलं. जनकाबाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, लई वाईट केलं तुमी. मग विचारलं, त्या पोरीला सांगितलं का हे? मी म्हटलं, पुस्तकात सगळं लिहिलंय की. ती म्हणाली, पुस्तकात तर न्हाईत ना ती पानं.

म्हणून हे पत्र. सोबत ती सोळा पानं आहेत. झेरॉक्स नाहीत, हाताने लिहिलीत, या खेपेला माझी मी. निबंध तुझा होता, दिपा. चोरी मी केली, मार तू खाल्लास, आणि त्यानंतर तू अभ्यासाखेरीज एक ओळ लिहिली नाहीस. पुस्तक तुझं यायला हवं होतं. तू माझं उघडलंच नसशील तर मला राग नाही. पण बत्तीसपर्यंत आली असशील, दोन वह्या दिसल्या आणि तिथेच मिटलं असशील, तर तेही कळव. बक्षिसाचा शब्दकोश पण याच पार्सलमध्ये घातलाय. पहिल्या पानावर सरांनी लिहिलेलं माझं नाव खोडून खाली तुझं लिहिलंय. खोडलेलं दिसतं, ते दिसू दे. माफ केलं म्हणू नकोस, छान लिहिलंय तर मुळीच म्हणू नकोस. वाच, आणि वाटेल ते चार शब्द वहीत लिहून पाठव.

अजून म्हणू देत असशील तर,
तुझीच
तरन्नुम