झाडावरचा संत्रा

झाडाला लटकलेला संत्रा जमीन की माल, एवढे कळायला मला एक बैलजोडी, दोन वकील आणि भिवाजीची दोस्ती खर्ची घालावी लागली. ते ज्ञान वाया जाऊ नये म्हणून मी, शालिकराम पांडुरंग घाटोडे, वय अडुसष्ट, राहणार रामाकोना, तहसील सौंसर, डोके ठिकाणावर असताना व कोणाच्या धाकात न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. मिळकत सारी स्वकष्टाची. तिगाव स्टेशनावर पेट्या उचलून सुरुवात केली.

१. घर, कपाशीचे वावर आणि सर्व जंगम मिळकत मुलगा प्रकाश याला.

२. संत्र्याचा मळा मुलगी प्रमिला हिला. नवरा वारल्यापासून झाडांचे ओलीत-पाणी तीच करते, आणि तिचे पोट त्यावरच आहे.

३. आमच्याकडे बहार, म्हणजे हंगामाचे सारे फळ, झाड फुलावर असतानाच विकतात. विसार हातावर ठेवला की सौदा पक्का, कागद नाही. भिवाजीचा बहार मी असाच घेतला. भाव चढल्यावर तो सौद्यावरून फिरला आणि कोर्टात म्हणाला, "झाडाले लागलं ते जमीनच. जमिनीचा सौदा बिनकागदाचा होते का?" जजसाहेबांनी नुसता शब्द पाहिला नाही, कायदा कशासाठी केला ते पाहिले. जमीन जागेवर राहते म्हणून तिला कागद. संत्रा तर तोडण्यासाठीच धरलेला. म्हणून तो माल, म्हणजे जंगम. मी जिंकलो. पेढे वाटले.

परवा वरची दोन कलमे घरात वाचून दाखवली आणि ओसरीवर पडलो. आत प्रकाश सूनबाईला, सुमनला, सांगत होता, "मळा घेऊ दे तिले. झाडावरचा माल जंगम, म्हनजे आपला. बाबूजीच त जितले ना तो मुकदमा!"

"हळू बोला, बुढा जागा असन."

बुढा जागा होता. सबब, मी मरेन त्या दिवशी मळ्यातल्या झाडांवर जे फूल-फळ असेल ते प्रमिलाचे. कोर्ट त्याला काहीही म्हणो. तोडून पेट्यांत भरले असले तरी तिचेच.

४. माझी छत्री भिवाजीला. कोर्टाच्या तारखेला आम्ही एकाच बसने जात असू, आणि पाऊस असला की तो तिच्याखालीच चालत मला शिव्या देई.

५. या कागदाचा अर्थ लावण्याची तसदी कोणत्याही जजसाहेबांना पडणार नाही. एकेक शब्द ठोकून बसवला आहे.

६. सहीआधी साक्षीदार यशवंतराव यांनी विचारले, "काका, मळ्याले पानी देते ते विहीर त कपाशीच्या वावरात हाय. मंग ते कोनाची?" विहीर, तिची मोटर आणि तिथवरची पायवाट प्रमिलाची.

सही: शालिकराम पांडुरंग घाटोडे
साक्षीदार: यशवंतराव गोंडाणे, भाऊराव ठाकरे
ठिकाण: सौंसर. दिनांक: १७ सप्टेंबर १९८६

खाडाखोड: पाचवे कलम पूर्ण खोडले आहे.