मुलीच्या हातची ओळ

बाबा, तुमची नोंदवही आज उघडली. भैरवगढच्या छापील कापडात तुम्ही बांधून ठेवली होती तशीच होती, गाठही तुमचीच, सुटता सुटेना. जिथे बसून तुम्ही जुन्या हस्तलिखित पोथ्यांची यादी केलीत तिथेच मी नोकरीला आहे, आणि ती यादी आता संगणकावर चढवायचं काम माझ्याकडे आलंय. म्हणजे तुमचं काम यापुढे कोणीही, कुठूनही तपासणार. पेपर तुमचा, आणि छातीत धडधड माझ्या!

ग्रंथ रचणाऱ्या पंडितांचं तुम्हाला फारसं कौतुक नव्हतं. तुमचा जीव पोथ्या हाताने उतरवून काढणाऱ्यांवर. छापखाने यायच्या आधीची ती माणसं, शेवटच्या पानावर नाव, गाव आणि एखादी कुरकुर लिहून गेलेली. फ्रीगंजच्या घरी पानावर बसलं की तुम्ही सांगायचात, "आज एक भेटला. इथलाच, क्षिप्रेकाठचा. म्हणतो, लिहून लिहून मान धरली, पोथी सांभाळा रे बाबांनो." आई वाढता वाढता म्हणायची, "मग घरीच घेऊन यायचं न त्याला, सब्जी खूप आहे." तो माणूस जाऊन कैक पिढ्या लोटल्यात हे तिला चांगलं ठाऊक होतं.

अकरा वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तुमच्याबरोबर यायचे. एका पोथीत तीच ओळ दोनदा दिसली आणि मी शहाणपणा करून ती खोडायला पेन्सिल उचलली. तुम्ही माझा हात धरलात. इतका घट्ट तुम्ही रस्ता ओलांडतानाही कधी धरला नव्हता. "डुलकी लागली असेल त्याला. ती त्याची आहे. आपली चूक असली तर आपण हरताळ लावायचा, दुसऱ्याच्या चुकीला हात नाही लावायचा!" हरताळ म्हणजे ती पिवळी पूड, जुने लोक चुकलेल्या अक्षरांवर तिचा लेप द्यायचे. तुम्ही तुमच्या वहीत त्यासाठी पिवळी पेन्सिल ठेवली होती. मी दिवसभर फुगून बसले. संध्याकाळी तुम्ही राम घाटावर नेऊन कचोरी खाऊ घातलीत, आणि दुसऱ्या दिवशी जेवणानंतर चक्क नोंदवहीच माझ्यापुढे सरकवलीत. "हे पान तू लिही. अक्षर माझ्यासारखं काढ."

आज दुपारी आम्ही त्याच पानावर आलो. माझ्याबरोबर नोंदी चढवणाऱ्या बाई थांबल्या. "दीदी, ये पोथी तो दो बार चढ़ी है. बाबूजी से गलती हो गई क्या?" मी वाकून पाहते तर अक्षर तुमच्यासारखं, पण प्रत्येक ळ-चं पोट जरा जास्तच सुटलेलं. तो ळ माझा. आणि मी काय म्हणाले असेन? "हाँ, खाना खाकर बैठे होंगे, झपकी लग गई होगी." त्या हसल्या, मीही हसले.

त्या चहाला गेल्यावर मी वही खिडकीपाशी नेली. तुमच्या स्वतःच्या चुका जागोजाग पिवळ्या केलेल्या आहेत. या ओळीवर मात्र पिवळ्याचा ठिपका नाही. शेजारी समासात बारीक मोडीत लिहिलंय. मोडी मला तुम्हीच शिकवलीत आणि त्या बाईंना ती येत नाही. "ही ओळ मुलीच्या हातची. आहे तशी ठेवावी." म्हणजे तुम्हाला कळलं होतं, आणि जन्मभर त्याबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. अकरा वर्षांच्या मला तुम्ही त्या मान धरलेल्यांच्या पंगतीत बसवलंत! रडू आलं आणि हसूही आवरेना, दोन्ही एकदमच.

ओळ ठेवली आहे. हे पत्र कुठे टाकणार, याच वहीत ठेवून तुमच्यासारखी गाठ मारते. बाई चहाहून आल्या आहेत, आणि बाबूजींच्या झपकीची गोष्ट बाहेर दोघातिघांना सांगूनही आल्या आहेत. डुलकी माझी होती हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.