बाळच्या विमानातली वायर

४ फेब्रुवारी २००२, सोमवार
बाळशी भांडलो. वायरवरून! अठ्ठावीस वर्षं एका कारखान्यात काढली, कंपनीने दोघांनाही एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी बसवलं, तेव्हासुद्धा आमचा आवाज चढला नव्हता. विमान त्याचं. तीन वर्षं वाघोलीला सर्जेरावांच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकूड, कापड, इंजिन सगळं त्याने एकट्याने केलं. विजेचं काम तेवढं माझ्याकडे. मी महिनाभर आजारी, तर ह्या गृहस्थाने तपकीर गल्लीतून घरात टाकतात ती वायर आणून सीटसमोरच्या पॅनेलमागे ओढूनही टाकली!

"अरे वैजनाथ, अख्ख्या पुण्याच्या भिंतींत हीच वायर आहे."

"पुण्यातली माणसं दार उघडून बाहेर पळतात. तू वरून कुठे पळणार?"

तो हसला. मला हसू आलं नाही.

७ फेब्रुवारी
निशाने तिच्या ऑफिसातून इंटरनेटवरची पानं छापून आणली. "बाबा, कुणाला सांगू नका हं, साठ पानं काढलीत." अमेरिकेत घरी विमानं बांधणारे लोक वायरींबद्दल लिहितात. साधी पीव्हीसी, म्हणजे बाळने टाकली तीच, पेटली की तिचा धूर डोळे, घसा जाळतो; दोन मिनिटांत माणूस आंधळा. टेफ्झेल नावाचं आवरण हवं. पातळ, हलकं, सहज पेटत नाही.

वाचून झोप उडाली. तपकीर गल्लीत तीन दुकानांत विचारलं. एक जण म्हणाला, "आमच्याकडे घरं बांधणारी माणसं येतात." संपलं.

१६ फेब्रुवारी
बंगळूरहून ओळखीने टेफ्झेल आली. थोडीच. बॅटरीच्या जाड वायरीपुरती; पॅनेलला पुरणार नाही.

शेडबाहेर दोन्हींचे तुकडे चिमट्यात धरून पेटवले. पीव्हीसीचा काळा लोट सुटला. सर्जेराव खोकत लांब पळाले — "आयला, इंचू चावल्यावानी झोंबतंय की वो!" टेफ्झेल नुसती करपली.

बाळ बघत होता. म्हणाला, "पटलं. पण पुन्हा सगळं उसवायचं? साठी उलटली माझी. दिल्लीहून उडायचा परवाना येतो न येतो. एकदा जमीन सोडायचीय रे मला, एकदाच." मग म्हणाला, "बॅटरीची जाड वायर बदल. पॅनेलमागचं राहू दे."

हो म्हटलं. का म्हटलं? थकलो, दुसरं काही नाही.

२२ फेब्रुवारी
जाड वायर टाकली. सीटमागच्या बॅटरीपासून पायाजवळच्या पोलादी पत्र्याच्या भोकातून थेट इंजिनापर्यंत. समाधान नाही. पॅनेलमागे विष तसंच आहे.

१ मार्च
परवान्याचं पत्र नाही. बाळ आता विचारतही नाही.

१० मार्च, रविवार
सकाळी सर्जेरावांचा फोन. "लवकर या. सायबांस्नी वढून भायेर काढलंय. आत निस्ता धूर!"

बाळ इंजिन चालू करून बघत होता. जमिनीवरच! दोन्ही हात भाजले. पण डॉक्टर हातांबद्दल बोलतच नाहीत, छातीबद्दल बोलतात. धूर आत गेलाय.

१२ मार्च
दवाखान्यात बाळची बायको, श्यामलावहिनी. सगळ्या नातेवाइकांसमोर मला म्हणाल्या, "तुम्ही किती वेळा सांगितलंत, ही वायर नको म्हणून! ह्यांनी जन्मात कुणाचं ऐकलंय?"

मी मान खाली घातली. पण आतून बरं वाटलं. लाज वाटते लिहिताना — वाटलं मात्र खरं.

१५ मार्च
शेडवर गेलो. पॅनेलमागची वायर वितळून गोळा झालीय. पण आगीची सुरुवात तिथे नाही! सुरुवात खाली, पायाजवळ. पत्र्याच्या भोकाशी. माझी टेफ्झेल.

भोकाला रबरी कडं घालायचं राहिलंय. मीच घातलं नाही. चार-पाचदा इंजिन चाललं असेल, त्या थरथरीत पत्र्याच्या धारेने पातळ आवरण कापलं, तार पत्र्याला टेकली. कारखान्यात ह्याच चुकीसाठी मी लोकांना मेमो दिलेत. चांगली वायर, चांगली वायर म्हणून नाचलो आणि भोक उघडं ठेवलं.

"घावलं का काय?" सर्जेरावांनी विचारलं.

"नाही," म्हणालो.

१६ मार्च
जेवलो नाही. निशा विचारत होती. काय सांगू तिला?

१८ मार्च
बाळला सांगितलं. त्याने तोंडावरचा मास्क बाजूला केला. आवाज असा नाहीच, नुसती खरखर. "ठिणगी पायाशी उडाली. पाहिली मी. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे." मास्क पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग — "श्यामलाला सांगू नकोस. तुझ्याशिवाय तिला कुणाचा आधार आहे?"

मी वळलो. वहिनी दारात उभ्या होत्या.