वसंताच्या कोलूचं गोपुर

२४ सप्टेंबर १९८५, मंगळवार
ब्रॉडवेजवळच्या कागदवाल्या गल्लीत गेले. एकटी, पहिल्यांदाच. दरवर्षी हे आत जात, मी पिशवी धरून बाहेर.
आमच्याकडे यंदा नवरात्रात पायऱ्या मांडून बाहुल्यांचा कोलू नाही, ह्यांना जाऊन वर्ष व्हायचंय. बाहुल्या पेटीतच राहतील. पण कागदाचं गोपुर शेजारच्या वसंतासाठी आहे. लग्नानंतरचा तिचा पहिला कोलू. ह्यांनी कबूल केलं होतं. आषाढात खालचे दोन मजले चिकटवून झाले, वर नुसता पुठ्ठा आणि बांबूच्या कामट्या. तेवढ्यात...
दुकानदाराने ह्यांच्याबद्दल विचारलं, "सार वरलै?" नाही आले म्हटलं. पुढचं सांगवलं नाही.
हिरवा, जांभळा घोटीव कागद, कळसाला सोनेरी. हिरव्यात दोन छटा. खालच्या मजल्याचा तुकडा रुमालात नेला होता म्हणून बरं. तयार संचही दाखवला: छापलेलं देऊळ, कापायचं, दुमडायचं, झालं. बघून परत दिला.

२६, गुरुवार
अक्का (ह्यांची थोरली बहीण, श्राद्धपक्षासाठी तंजावरहून आली आहे) दिवसभर मागे. "तुला कशास ही उठाठेव? तयार मिळतें ते आणून देऊन टाक की त्या पोरीला." मी कापत राहिले. तिसरा मजला झाला. कोपरे ह्यांच्यासारखे येत नाहीत. फुगतात.

२८, शनिवार
चौथा, पाचवा झाला. खळ मीच शिजवली. हे मैद्यात चिमूटभर मोरचूद टाकायचे, कीड लागू नये म्हणून. बाटली कपाटावर आहे. हातात घेतली आणि परत ठेवली. देवीपुढे ठेवायची वस्तू, तिच्यात विष कसं घालायचं? शिवाय पातेलं स्वैपाकाचं.

३०, सोमवार
सकाळी पाहिलं तर वरचे तिन्ही मजले झुरळांनी कुरतडलेले. जिथे जिथे खळ, तिथे तिथे भोक. ह्यांचे दोन मजले जसेच्या तसे. अंगठ्याचा ठसासुद्धा आहे एका कोपऱ्यावर, वाळलेल्या खळीत.
अक्काने पाहिलं. कॉफी आणून शेजारी ठेवली.

१ ऑक्टोबर, मंगळवार
पितृपक्ष लागलाय. आता देवाच्या कामाची खरेदी करायची नाही. अक्काचं स्पष्ट मत. "अमावास्येपर्यंत थांब."
अमावास्येला तर कोलू मांडायचाच. मग कधी चिकटवू?

३, गुरुवार
वसंताची सासू जिन्यात भेटली. टी. नगरहून तयार देऊळ आणलंय म्हणाली. छान आहे, पन्नास रंग आहेत, तुम्ही त्रास घेऊ नका. मग म्हणाली, "गेलेल्या माणसाच्या हातचं अर्धं राहिलेलं काम. नव्या सुनेचा पहिला कोलू. तुम्हीच सांगा मामी."
बरं म्हटलं.

५, शनिवार
गेले ब्रॉडवेला. पक्ष असून गेले. अक्काला भाजी आणायला जाते म्हटलं, येताना वांगी घेतली.
दुकानदाराने परत विचारलं. या वेळी सांगितलं. त्याने हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाला, "सार हिरवा कागद उन्हात नेऊन बघायचे. मला म्हणायचे, तुझ्या ट्यूबलाइटवर माझा विश्वास नाही." मला हे माहीत नव्हतं. मीही उन्हात नेऊन पाहिला.
घरी अक्काने पिशवी उघडली. "वांगीं जांभळीं, कागदही जांभळा. बरें जुळवून आणलेंस." एवढंच.

६, रविवार
मोरचूद घातलं. पातेलं जुनं, आता ते वेगळं राहील. खळ निळसर झाली. अक्का कामट्या धरायला बसली. पुटपुटत होती, पण धरल्या नीट.

१२, शनिवार
पूर्ण झालं. वरचे कोपरे अजून फुगतात. रोज सकाळी आधी तेच पाहते. एक भोक नाही.

१४, सोमवार. अमावास्या
दुपारी वसंता मागच्या दाराने आली. "मामी, झालं?" सासूने आणायला सांगितलं का, विचारलं नाही. जुन्या धोतरात गुंडाळून दिलं. पोरगी पोटाशी धरून घेऊन गेली, लहान मूल न्यावं तसं.

१६, बुधवार
संध्याकाळभर जिन्यात बायकांची ये-जा, वाटायच्या सुंडलचा, हरभऱ्याच्या उसळीचा वास. आम्हाला अर्थात बोलावणं नाही. गोपुर कोलूच्या पायरीवर ठेवलं की माळ्यावर टाकलं, कळायला मार्ग नाही. अक्का म्हणाली, "गॅलरींतून दिसतें का बघूं?" दिसत नाही. आधीच पाहून झालं होतं.

१८, शुक्रवार
आत्ता वसंता येऊन गेली. गोपुर तिसऱ्या पायरीवर आहे! तयार देऊळ पंख्याच्या वाऱ्याने दोनदा पडलं, म्हणून तिने हे ठेवलं. सासू पाहते, काढत नाही. पण कळसाचा सोनेरी कागद सुटलाय.
"मामी, येऊन चिकटवता?"
"सासूबाईंना विचारलंस?"
"त्या देवळात गेल्यात."
"मग खळ देते, तूच लाव."
"मला नाही जमत. तुम्ही या."
दार उघडं टाकूनच गेली. वर्षाच्या आत, कुंकू नसलेलं कपाळ घेऊन, नव्या सुनेच्या कोलूपुढे मी जायचं? अक्काकडे पाहिलं. ती वाती वळते आहे, मान वर करत नाही.
खळ घट्ट झाली होती. पाणी घालून गरम केली, वाटीत काढली. साडी ही घरातलीच आहे. बदलावी का? नको, खळ निवेल, अशीच जाते.