मध्यंतरानंतरचा सिनेमा

चिक्कडपल्ली, हैदराबाद
१२ फेब्रुवारी १९९५

प्रिय मीना,

अनेक आशीर्वाद. नांदेडच्या शाखेत रुळली असशील. खोली मिळाली का? तुझं डबा विसरणं अजून चालूच असेल. इकडे सगळे ठीक. मानसी ‘मीनामावशी कधी येणार’ म्हणून डोकं खाते. मी काहीबाही सांगून वेळ मारून नेते.

एक गंमत सांगते. केबल आल्यापासून कोठी बाजारातल्या व्हिडिओ लायब्रऱ्या बसल्याच. त्यातल्या एकाने सगळ्या कॅसेटी फुटपाथवर मांडल्या होत्या. मानसीच्या वह्या घ्यायला गेले, तर तिथे तो जुना काळा-पांढरा सिनेमा दिसला. फिल्म क्लबमध्ये बघून आल्यावर ह्यांनी महिनाभर ज्याचं कौतुक केलं होतं ना, तोच. दुकानदार म्हणाला, “ले जाओ अम्मा, इसकू कोई पूछतच नै. गाना नै, फाइट नै.” म्हटलं, बरंच झालं, आपल्याही घरात दोन्ही नाहीत.

रविवारी दुपारी लावला. हे शेजारी शेंगा सोलत बसले होते. नवऱ्याचं बाहेर प्रकरण आहे हे बायकोला कळतं, तिथवर ह्यांना सगळं पाठ. म्हणाले, “बघ, शेवटी ती माफ करते.”

तुला पुढचं माहीत नाही, म्हणून लिहिते. नवरा घरी परततो, रडतो, पाया पडतो. ती त्याला वाढते, मीठ बरोबर आहे का विचारते. आपल्यालाही वाटतं, चला, मिटलं. मग शेजारीण विचारते, “नवरा आला ना गं परत?” आणि ती भांडी घासता घासता म्हणते, “कोणीतरी आलंय.” बस्स, एवढ्यावरच संपतो. इतका चांगला सिनेमा लोकांनी कसा पाहिला नाही, देव जाणे.

ह्यांच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या होत्या. मी सहज विचारलं, “अहो, शेवट पाहिलाच नव्हता का तुम्ही?”

“नाही,” म्हणाले. “मीनाला बघवेना. मध्यंतरातच उठलो.”

मला तर ते एकटेच गेले होते असं सांगितलेलं. मी काहीच विचारलं नाही, मीना. खरंच नाही. पण एकदा तोंड उघडल्यावर ते थांबलेच नाहीत. वर्षभराचं सगळं सांगून टाकलं. मी उठून कुकर लावला.

तुझी बदली झाली तेव्हा मी तुझी ओटी भरली होती. माझी पैठणी दिली, ‘जाते म्हणू नये, येते म्हण’ असं दटावलं. तू माझ्या गळ्यात पडून रडलीस. मला वाटलं, ताई सुटतेय म्हणून पोरगी रडतेय. मीही रडले. मला सारखं तेच आठवतं आणि अंगाची आग होते.

हे आता पाचला घरी येतात, भाजी आणतात. शेजारच्या अनसूयाबाई म्हणतात, नवरा असावा तर असा. माहेरी जाणार का, असं ह्यांनी घाबरत घाबरत विचारलं. नाही जाणार. मानसीची शाळा आहे. शिवाय ह्यांच्याशी भांडता येईल. आज नाही तर उद्या मी भांडेन, ताटं आपटेन, वर्षभर बोलणार नाही. त्यांना ते सोसावं लागेल. राहीन की नाही, ते त्यानंतर बघू.

पण माझा नवरा असा वागला, हे रडून सांगायला मला एकच घर होतं. मलकपेठची तुझी खोली. परवा मी खरंच चप्पल घालून निघाले होते गं. जिन्यात आठवलं, तू तिथे नाहीस. आणि असतीस तरी काय उपयोग होता?

उत्तर पाठवू नकोस. पाकिटावर तुझं अक्षर दिसलं तर मला आधी आनंदच होईल.

त्रिवेणी