बाकावर विरलेल्या चड्डीबाबत

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
माध्यमिक शाळा (मैदानाकडचे फाटक)

विषय : फुटबॉल संघातल्या बाकावरच्या मुलींना नियमाप्रमाणे दहा मिनिटे खेळू देण्याबाबत.

संदर्भ : १) प्रवेशअर्जाच्या मागच्या बाजूचा नियम ९.
२) मला मैदानात यायला बंदी करणारे क्रीडाशिक्षकांचे दोन ओळींचे पत्र.

महोदया,

१. मी आपल्या शाळेच्या संघांचे कपडे शिवते. माझी नात शेवटच्या वर्गात असून तीन वर्षे मुलींच्या फुटबॉल संघात आहे. संघात आहे म्हणजे बाकावर आहे. तिच्या शेजारी आणखी दोघी बसतात. एकीला क्रीडाशिक्षक सर ‘बाटल्या’ म्हणतात, कारण ती पाणी भरते. दुसरीला ‘बॅगा’. नातीकडे स्वेटर सांभाळायचे काम असल्याने तिला काय म्हणतात ते आपण ओळखले असेलच.

२. हंगाम संपला की सगळ्या चड्ड्या दुरुस्तीला माझ्याकडे येतात. खेळणाऱ्या मुलींची शिवण मांडीशी उसवते, काठ फाटतो. नातीच्या चड्डीचा काठ आजही कोरा आहे. बैठकीचा भाग मात्र इतका विरला आहे की त्यातून पलीकडचे वर्तमानपत्र वाचता येते. मी वाचून पाहिले. हवामानाची बातमी होती.

३. याबाबत मी क्रीडाशिक्षकांना तीन वेळा भेटले. संघ जिंकत होता तेव्हा ते म्हणाले, “आजी, जमलेला संघ मोडायचा नसतो.” हरत होता तेव्हा म्हणाले, “ही काय प्रयोग करायची वेळ आहे का?” बरोबरी होती तेव्हा म्हणाले, “आता तर मला श्वास घ्यायचीही भीती वाटते, आजी.” सामन्याचा चौथा प्रकार कोणता, असे मी नम्रपणे विचारले. ते शिट्टी वाजवत निघून गेले.

४. नातीला एकदाच उठवण्यात आले. पुढे खेळणाऱ्या मुलीच्या बुटाची नाडी तुटली होती. नात धावत रेषेपर्यंत गेली. सरांनी तिला थांबवले, तिच्या बुटाची नाडी काढून त्या मुलीला दिली आणि नातीला परत बसवले. त्या नाडीने गोल झाला. घरी येऊन नात म्हणाली, “आजी, माझी नाडी तरी खेळली.” ती हसत होती. मला हसू आले नाही.

५. मी अक्षरे सत्तावन्नाव्या वर्षी शिकले. उशिरा शिकलेल्या माणसाला वाचायची हाव असते. औषधाच्या खोक्यातला कागद मी शेवटपर्यंत वाचते. तसाच प्रवेशअर्ज उलटून वाचला. नियम ९ : ‘संघातील प्रत्येक खेळाडूला प्रत्येक सामन्यात किमान दहा मिनिटे मैदानावर संधी देण्यात येईल.’ खाली शाळेचा शिक्का आहे. छापले आहे म्हणजे पाळायचे आहे, असा माझा समज झाला. म्हणून मागच्या सामन्यात अर्ज हातात घेऊन मी मैदानात गेले आणि मधोमध उभ्या असलेल्या पंचांना तो नियम वाचून दाखवला. खेळ चालू होता, हे मला नंतर सांगण्यात आले. चेंडू माझ्या पायाला लागला, हेही खरे आहे. तेवढ्याने एका सामन्यात माझी नातीपेक्षा जास्त मिनिटे भरली.

६. या चुकीबद्दल मी माफी मागते. मला घातलेली बंदी योग्य आहे, ती उठवू नये. परंतु सरांनी नातीलाही सांगितले आहे की, “शनिवारी तू आली नाहीस तरी चालेल.” शनिवारचा सामना तिचा या शाळेतला शेवटचा आहे. चूक आजीची असताना नातीला बाहेर काढणे हे मापे एकीची घेऊन झगा दुसरीचा शिवण्यासारखे आहे.

७. आमच्या प्रौढ वर्गात बाई रोज एकेकाला फळ्याजवळ बोलवत. मी माझे नाव उलटेसुलटे लिहिले तेव्हा वर्गातला दूधवाला पोट धरून हसला. बाईंनी मला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवले. ज्यांना येत होते त्यांनाच त्या बोलवत राहिल्या असत्या, तर वर्गाचे नाव झाले असते आणि हा अर्ज मला दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागला असता. नात चांगली खेळते असे माझे म्हणणे नाही. ती कशी खेळते हे अजून कोणालाच माहीत नाही, तिला स्वतःलाही नाही. हीच माझी तक्रार आहे.

८. तरी शनिवारी नात, बाटल्या आणि बॅगा यांना प्रत्येकी दहा मिनिटे द्यावीत. पाणी, पिशव्या आणि स्वेटर तेवढा वेळ सरांनी सांभाळावेत. मी फाटकाबाहेर उभी राहीन. तिथून अर्धेच मैदान दिसते. शक्य असल्यास तिला त्या अर्ध्यात खेळवावे.

मैदानाबाहेरून, आपली नम्र,
(सही. पूर्वी इथे अंगठा असे.)
संघाची शिंपीण
मंगळवार, ता. ११

सोबत :
१) प्रवेशअर्ज, मागची बाजू वर.
२) नातीची चड्डी, पुरावा म्हणून. पाहून झाल्यावर शुक्रवारपर्यंत परत पाठवावी, म्हणजे मी ठिगळ लावीन. शनिवारी तिला पळायचे आहे.